केडगावच्या पंडिता रमाबाई आणि बायबलची परीक्षा

कुरकुंभहून पुण्याकडे निघालं की पाटस, वरवंड मागे टाकून चौफुला येतो आणि तिथून आत वळलं की केडगाव. एमआयडीसीत कामाला असलेले आपले कितीतरी भाऊ या रस्त्याने ये-जा करतात. त्याच केडगावात शंभर वर्षांपूर्वी एका बाईने बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. आज त्यांच्याबद्दल.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी समाजाचे बोलही खाल्ले. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, नवराही पटकीने गेला. पदरात मनोरमा ही लहानगी. १८८३ साली त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी यायचं म्हणून तो बेत सुटला. त्याच वर्षी वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण तेव्हा खुद्द इंग्लंडातच बायबलवरून वादळ उठलं होतं. आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो हे मुळात गणिताचे मास्तर. तर्जुमा करताना एका झुलू माणसाने त्यांना विचारलं, की ही जलप्रलयाची कथा खरी आहे का? बिशपसाहेबांना सरळ हो म्हणता येईना. मग १८६२ पासून त्यांनी तौरेतच्या पाच पुस्तकांतले आकडे तपासून दाखवले आणि ती सगळी हजरत मूसा (अ.स.) यांच्या हातची नाहीत असं लिहिलं. चर्चने त्यांच्यावर खटला भरला. स्कॉटलंडमध्ये प्राध्यापक रॉबर्टसन स्मिथ यांना अशाच लिखाणामुळे १८८१ साली खुर्ची गमवावी लागली. आणि त्याच १८८१ साली चर्चच्याच विद्वानांनी नव्या कराराचं सुधारलेलं इंग्रजी भाषांतर काढलं. त्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं, त्रैक्याचा आधार समजलं जाणारं एक वाक्य गाळलं होतं, कारण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते सापडत नाही.

हा मुद्दा आपल्याकडे नवा नव्हता. १८५४ साली आग्र्याच्या मुनाजऱ्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि डॉ. वजीर खान यांनी युरोपातलीच पुस्तकं पाद्री फांडर यांच्यापुढे ठेवली होती. काही ठिकाणी फरक पडलाय हे फांडर यांनी कबूल केलं, पण मूळ शिकवण शाबूत आहे म्हणाले. आम्हाला विचाराल तर हे उत्तर जरा स्वस्तातलं होतं.

रमाबाईंचं उत्तर वेगळं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार चालला. त्रैक्य, चमत्कार, पाद्र्यांचा अधिकार, सगळ्यावर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, बायबलात दाखवा, असा त्यांचा हेका. सिस्टरना हा गर्व वाटायचा. विचार करा, परका मुलूख, पैसा त्यांचा, छप्पर त्यांचं, लेक त्यांच्या सांभाळात, आणि तरी ही बाई मान तुकवत नाही. मनोरमेला काय शिकवावं यावरूनही खटके उडाले.

१८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आणलं. धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं दूर झाली. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं, आणि १९००च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

तोवर रमाबाईंचा विश्वास पक्का ख्रिस्ती वळणाचा झाला होता. त्यांचा निष्कर्ष आपल्या वाचकांना पटणार नाही, पटावा असं आमचं म्हणणंही नाही. पण विद्वान शंका काढतात तर मूळ पुस्तकच उघडून बघू, हा रस्ता त्यांनी धरला. पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. चालू मराठी बायबल त्यांना खेड्यातल्या बाईसाठी अवघड वाटायचं. स्वतःच भाषांतराला बसल्या. आश्रमातच छापखाना होता, अक्षरजुळणी तिथल्याच मुली करायच्या, ज्यांतल्या कित्येकींना आश्रमात येण्याआधी अक्षरओळखही नव्हती.

सगळं छान झालं असं नाही. शब्दाला शब्द धरल्यामुळे त्यांची मराठी जागोजाग ताठ झाली. चर्चमधून बायबल सोसायटीचीच प्रत चालत राहिली, रमाबाईंची मागे पडली. आधी चर्चला प्रश्न विचारणाऱ्या बाईने पुढे त्या ग्रंथातल्या शब्दांना फारसे प्रश्न विचारले नाहीत, हेही आम्हाला खटकतं.

१९२१च्या जुलैत मनोरमा गेली. आईच्या मागे आश्रम तीच बघणार होती. रमाबाई प्रूफं तपासत राहिल्या. शेवटची प्रूफं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, असं सांगतात. पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून.