आवाजाचा फोटो आणि प्रकाशावरचा फोन: अलेक्झांडर ग्रॅहम बेलची न शिकवलेली गोष्ट

एखाद्या माणसाचा आवाज त्याच्या मृत्यूनंतर ९१ वर्षांनी ऐकता येईल का? तेही रेकॉर्डवर सुई न टेकवता, नुसते तिचे फोटो काढून? २०१३ साली अमेरिकेत हे प्रत्यक्षात झालं. १८८५ मधली एक तबकडी होती, पुठ्ठ्यावर मेणाचा थर दिलेली. तिचे अतिशय बारीक डिजिटल फोटो घेतले, कॉम्प्युटरने त्यातून ध्वनी काढला आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल बोलायला लागला.

शाळेत बेल आपल्याला एका मार्कापुरता भेटतो. टेलिफोनचा शोध कोणी लावला? बेलने. संपला विषय. मी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. सेन्सरकडून आलेले आकडे साफ करायचे आणि त्यातून चित्र उभं करायचं, हे माझं रोजचं काम. त्या बाजूने बघितलं तर मला टेलिफोनपेक्षा बेलच्या बाकीच्या गोष्टी जास्त जवळच्या वाटतात. त्यातल्या काही अभिमानाच्या आहेत, काही अवघड आहेत. दोन्ही सांगतो.

आईला ऐकू यायचं नाही

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. वडिलांनी एक चिन्हलिपी तयार केली होती. प्रत्येक ध्वनी काढताना जीभ, ओठ, घसा कुठे असतात ते ती चिन्हं दाखवायची. म्हणजे आवाज डोळ्यांनी वाचायची सोय.

आई पियानो उत्तम वाजवायची, पण तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. घरात गप्पा रंगल्या की लहानगा बेल आईशेजारी बसून बोटांच्या खुणांनी तिला सगळं सांगायचा. कधी तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, म्हणजे कंपनं तिच्यापर्यंत पोचतील. ध्वनी म्हणजे कंपन, हे आपण आठवी-नववीत वाचतो. बेल ते घरीच शिकला.

पुढे क्षयाने घर पोखरलं. धाकटा भाऊ १८६७ मध्ये गेला, मोठा १८७० मध्ये. उरलेल्या मुलाला वाचवायचं म्हणून आईवडील त्याच वर्षी त्याला घेऊन कॅनडातल्या ब्रँटफर्डला गेले. १८७१ मध्ये बेल बॉस्टनला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थिनींपैकी एक होती मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरमुळे तिचं ऐकणं गेलं होतं. १८७७ मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा नव्या टेलिफोन कंपनीतले आपले दहा शेअर ठेवून बाकी सगळे बेलने तिच्या नावावर केले.

मेलेल्या माणसाचा कान

मधल्या काळात, १८७४ च्या उन्हाळ्यात, बेलने एक विचित्र यंत्र जुळवलं. बॉस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्याला एका मृत माणसाचा कान मिळवून दिला. कानातल्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवलं. कानात बोलायचं आणि काच सरकवायची, की काजळीवर नागमोडी रेघ उमटायची.

आज कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये आवाजाची जी वर-खाली जाणारी रेघ दिसते, तीच ही. बेलला ती हवी होती शिकवण्यासाठी. कर्णबधिर मुलाने स्वतःच्या उच्चाराची रेघ बघावी, शिक्षकाच्या रेघेशी ताडावी आणि सुधारावी, असा हिशोब होता. ते काही फारसं साधलं नाही, पण दुसरीच गोष्ट त्याच्या लक्षात आली. कानाचा पडदा कागदासारखा पातळ, तरी तो त्यामानाने जड हाडं हलवतो. मग थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? आणि लोखंड चुंबकाजवळ हललं की तारेत वीज निर्माण होते.

टेलिफोन, थोडक्यात

तारायंत्रात वीज एकतर चालू, नाहीतर बंद. बेलचं म्हणणं होतं की तारेतल्या विजेने आवाजाच्या लाटेसारखंच वर-खाली व्हावं. इंजिनीअरिंगला आपण ज्याला ॲनालॉग सिग्नल म्हणतो, तो हाच. आजची डिजिटल टेलिफोनी हीच लाट सेकंदाला ८००० वेळा मोजते आणि आकडे पाठवते. पण आधी लाट तारेत यायला हवी होती.

१४ फेब्रुवारी १८७६ ला बेलचा पेटंट अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकानेही अशाच कल्पनेची नोंद त्याच कार्यालयात केली. ७ मार्चला बेलला पेटंट मिळालं, क्रमांक १७४४६५. १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या मदतनिसाने तारेतून आलेली हाक ऐकली आणि तो धावत आला. त्या दिवशी वापरलेल्या यंत्रात आम्लमिश्रित पाण्यात बुडणारी तार होती आणि ग्रेच्या नोंदीतही द्रवाचीच युक्ती होती. त्यामुळे आधी कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलच्या बाजूने निकाल दिला. तोवर फोन आपल्याकडेही पोचला होता. कोलकाता, मुंबई आणि मद्रासला १८८२ मध्येच एक्स्चेंज सुरू झाली होती.

खरा लाडका शोध: फोटोफोन

बेलला स्वतःचा सगळ्यात मोठा शोध कोणता वाटायचा? टेलिफोन नाही, फोटोफोन. १८८० मध्ये फ्रान्स सरकारचा ५०,००० फ्रँकचा व्होल्टा पुरस्कार त्याला मिळाला आणि त्यातून वॉशिंग्टनला व्होल्टा प्रयोगशाळा उभी राहिली. फोटोफोनवर त्याच्याबरोबर काम करत होता चार्ल्स समनर टेंटर.

यंत्र कसं चालायचं बघा. पातळ, लवचिक आरशावर सूर्यप्रकाश पाडायचा. आरशाच्या मागून बोलायचं. आवाजाने आरसा किंचित फुगतो, किंचित आत जातो. त्यामुळे परावर्तित झोत कधी एकवटतो, कधी पसरतो. लांब बसलेल्या माणसापर्यंत पोचणारा प्रकाश आवाजाच्या तालात कमी-जास्त होतो. तिकडे खोलगट आरसा तो झोत गोळा करून सेलेनियमच्या एका घटावर पाडतो.

सेलेनियमची गंमत अशी की त्यावर उजेड पडला की त्याचा विद्युत रोध कमी होतो. विलोबी स्मिथ या तारायंत्राच्या इंजिनीअरने हे १८७३ मध्ये जाहीर केलं होतं. घटाला बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडला की प्रकाश बदलेल तसा प्रवाह बदलतो आणि रिसीव्हरमधून शब्द ऐकू येतात. १८८० मध्ये फ्रँकलिन स्कूलच्या छतावरून टेंटर बोलला आणि सुमारे २१३ मीटर अंतरावर प्रयोगशाळेत बसलेल्या बेलने ते ऐकलं. तार नाही, काही नाही. मध्ये फक्त ऊन.

बेल इतका हरखला होता की त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं, असं सांगतात. मेबलने अर्थातच ते होऊ दिलं नाही. मुलगी मॅरियन झाली.

ढग आला की फोन बंद, त्यामुळे फोटोफोन बाजारात चालला नाही. पण त्याचा सांगाडा नीट बघा. एका टोकाला माहिती प्रकाशावर चढवायची, दुसऱ्या टोकाला प्रकाशाची वीज करायची. तुमच्या घरी येणारं फायबरचं इंटरनेट हेच करतं. फक्त उन्हाऐवजी लेझर आणि हवेऐवजी काचेचा धागा.

कॅमेऱ्याचा सेन्सरही याच घराण्यातला. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये सिलिकॉनचा एक छोटा प्रकाशघट असतो. फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि किती सुटले ते मोजलं जातं. बेलकडे असा एकच घट होता, म्हणजे समजा एका पिक्सेलचा कॅमेरा. पण तो आवाजाच्या वेगाने बदलणारा उजेड टिपत होता.

या प्रयोगांत आणखी एक गोष्ट हाताला लागली. झटपट चालू-बंद होणारा प्रकाश एखाद्या पदार्थावर पाडला तर तो पदार्थ स्वतःच आवाज करतो. तापतो-निवतो, म्हणून फुगतो-आकसतो. आज वैद्यकीय संशोधनात लेझरचे ठोके देऊन शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात, ते याच तत्त्वावर.

गोळी, बाळ आणि मेण

जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला बेलने घाईघाईने धातुशोधक यंत्र बनवलं. पण मुख्य डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली, शिवाय खाली स्प्रिंगांची गादी होती. गोळी सापडली नाही. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. मधल्या ऑगस्टमध्ये बेलचा स्वतःचा नवजात मुलगा श्वास घेता न आल्याने दगावला. त्यानंतर बेलने छातीभोवती बसवायचं, हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारं एक यंत्र तयार केलं. नंतरच्या काळातल्या आयर्न लंगची कल्पना हीच होती.

व्होल्टा प्रयोगशाळेत ध्वनिमुद्रणही चाललं होतं. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये कथिलाचा पातळ पत्रा वापरायचे. तो चार-दोन वेळा वाजवला की खराब. बेल, त्याचा चुलतभाऊ चिचेस्टर आणि टेंटर यांनी मेणात खाच कोरायची पद्धत आणली. १८८६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. प्रयोगाच्या तबकड्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेल्या आणि तिथे मुक्या पडून राहिल्या.

ज्यांच्यासाठी केलं, त्यांनाच विचारलं नाही

आता अवघड भाग. बेल आयुष्यभर स्वतःला आधी कर्णबधिरांचा शिक्षक मानायचा. हेलन केलरच्या आईवडिलांना योग्य शाळेची वाट त्यानेच दाखवली आणि हेलनने आपलं आत्मचरित्र त्याला अर्पण केलं. तरीही अनेक कर्णबधिर लोक बेलचं नाव प्रेमाने घेत नाहीत.

कारण बेल खुणांच्या भाषेविरुद्ध होता. कर्णबधिर मुलांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावं, चारचौघांत मिसळून जावं, हा त्याचा आग्रह. १८८३ मध्ये विज्ञान अकादमीपुढे त्याने एक निबंध वाचला. कर्णबधिरांनी आपापसात लग्नं केली तर माणसांचा एक कर्णबधिर वंशच तयार होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने लग्नबंदी करा, असं तो म्हणाला नाही. पण त्यांच्या वेगळ्या शाळा आणि खुणांची भाषा ही लोकांना एकत्र आणणारी कारणं त्याला दूर करायची होती. पुढे १९२१ च्या सुप्रजनन परिषदेचा तो मानद अध्यक्षही होता. त्या काळात बहुतेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेने तसा ठरावच केला होता. पिढ्यानपिढ्या मुलं वर्गात स्वतःची भाषा वापरू शकली नाहीत. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

मला हे वाचताना सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? बेलला माहिती कमी नव्हती. आई, बायको, विद्यार्थी, सगळे कर्णबधिर. बोटांच्या खुणा त्याला स्वतःला यायच्या. पण त्याने ऐकू न येणं हा एक बिघाड धरला आणि तो दुरुस्त करायला निघाला. खुणांची भाषा हे दुरुस्तीच्या आड येणारं काहीतरी ठरलं. ती भाषा बोलणाऱ्यांचं म्हणणं त्याच्या हिशोबात आलंच नाही. आम्ही इंजिनीअर लोक युजरसाठी म्हणून फीचर बनवतो तेव्हा हा प्रसंग आठवावा, इतका तो आजचा आहे.

नाव कुठे कुठे उरलं

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, बॅडेकजवळच्या घरी बेल गेला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले फोन एक मिनिट बंद ठेवले होते.

तीन वर्षांनी त्याच्या कंपनीच्या वारशातून बेल लॅब्ज सुरू झाली. आवाज मोजायचं एकक आहे डेसिबल, म्हणजे एका बेलचा दहावा भाग. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. बऱ्याच वर्षांत स्वस्त मायक्रोफोन म्हणून घराघरात पोचलेला इलेक्ट्रेट मायक्रोफोन १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्येच तयार झाला. १९६९ मध्ये तिथेच बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधली, जिच्यामुळे डिजिटल कॅमेरा शक्य झाला. त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या मोबाइलमधला सेन्सर सीमॉस प्रकारचा, वेगळ्या बांधणीचा असतो, पण उजेडाची वीज करायचं काम तेच.

आता पुन्हा त्या तबकडीकडे येऊ. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कार्ल हेबर यांच्या गटाने काढलेली पद्धत अशी: तबकडी फिरवत खाचेचे फोटो घ्यायचे, त्यांचा एकसंध नकाशा जुळवायचा, ओरखडे आणि धूळ सॉफ्टवेअरने वगळायची आणि या खाचेतून सुई गेली असती तर ती कशी हलली असती याचं गणित करायचं. सुईची ती हालचाल म्हणजेच ध्वनी. १५ एप्रिल १८८५ च्या त्या तबकडीत बेल बराच वेळ आकडे म्हणतो आणि शेवटी आपलं नाव सांगतो. सोबत त्याच्या सहीचा लेखी मजकूर होता, म्हणून आवाज त्याचाच हे ठरवता आलं. १८७४ मध्ये त्याने आवाजाची रेघ काढली होती, इथे रेघेचा पुन्हा आवाज झाला.

आणि एक गोष्ट रोज आपल्या डोळ्यांसमोर घडते. रेल्वे स्टेशनवर, बसस्टॉपवर मोबाइल हातभर लांब धरून व्हिडिओ कॉलवर भराभर खुणांनी गप्पा मारणारी मंडळी तुम्ही बघितली असतील. बेलच्या नावाने चालणाऱ्या प्रयोगशाळेने ज्या डिजिटल कॅमेऱ्याचा पाया घातला, त्यावरून आज तीच भाषा फोनवर बोलली जाते, जी बेलला शाळेतून घालवायची होती.