तीन हृदयांचा कवी एनियस

इटलीच्या दक्षिणेला रुडिए नावाच्या गावी इ.स.पू. २३९ मध्ये क्विंटस एनियसचा जन्म झाला. ग्रीक, ऑस्कन आणि लॅटिन या तिन्ही भाषा त्याला अवगत होत्या आणि म्हणून आपल्याला तीन हृदये आहेत, असे तो म्हणत असे. सीमाभागात वाढलेल्या वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

सार्डिनिया बेटावर तो रोमन सैन्यात होता. तेथून इ.स.पू. २०४ मध्ये काटोने त्याला रोमला आणले. ग्रीक चालीरीतींवर पुढे सडकून टीका करणाऱ्या काटोनेच ग्रीक वृत्ताचा हा प्रवर्तक रोमच्या दारात आणून सोडावा, हा मोठाच विनोद! एनियसने शिकवण्या केल्या, नाटके लिहिली, इ.स.पू. १८४ मध्ये त्याला नागरिकत्व मिळाले.

त्याचे खरे धाडस ‘अ‍ॅनालेस’ या रोमच्या इतिहासावरील अठरा सर्गांच्या महाकाव्यात आहे. तोवर लॅटिन महाकाव्य सॅटर्नियन या जुन्या छंदात रचले जाई. एनियसने होमरचे वृत्त उचलले. त्याच्या ओळीत सहा गण. गणात एक गुरू व दोन लघू किंवा दोन गुरू. शेवटचा गण मात्र दोनच अक्षरांचा. वामन पंडितांचे श्लोक म्हणणाऱ्याला हे गणित परके वाटणार नाही.

अडचण निराळीच होती. ग्रीक शब्दातला आघात म्हणजे स्वराचा चढ. वृत्ताच्या मोजणीशी त्याचा झगडा नसे. लॅटिनमध्ये, बहुतेक अभ्यासकांच्या मते, एका अक्षरावर जोर पडे. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर त्यावर, नसेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. त्यामुळे वृत्ताचा ठेका एकीकडे आणि बोलण्यातला जोर दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू झाली. एनियसच्या ओळीत आरंभी हे दोन्ही वारंवार फटकून वागतात आणि अखेरच्या दोन गणांत बहुधा एकत्र येतात. ताना घेत गेलेला गवई समेवर यावा, तसा कानाला विसावा मिळतो. हे त्याने जाणून साधले की लॅटिन शब्दांच्या घडणीतून आपोआप साधले, यावर विद्वानांचे एकमत नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते. पण ते ऐकू येण्याइतका त्याचा कान तयार होता, हेही खरेच.

व्हर्जिलने पुढे हीच ओळ घासूनपुसून लखलखीत केली. ओव्हिडला तर एनियसची प्रतिभा थोर आणि कारागिरी ओबडधोबड वाटली.

एनियस इ.स.पू. १६९ मध्ये वारला. ‘अ‍ॅनालेस’च्या सुमारे ६०० ओळी आज उरल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी केवळ व्याकरणकारांनी उदाहरणादाखल उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या.