रँडॉल्फ कॉल्डेकॉट : चित्रकाराचे कर्तृत्व

बालवाङ्मयाच्या समीक्षेत चित्र हे बहुधा संहितेचे आभूषण मानले जाते. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला स्वतंत्र पुरस्कार देण्यामागे मात्र वेगळी भूमिका असते : तोही त्या पुस्तकाचा कर्ता असतो. अमेरिकेतील अशा पुरस्काराला ज्याचे नाव दिले गेले, त्या रँडॉल्फ कॉल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

कॉल्डेकॉटचा जन्म २२ मार्च १८४६ रोजी चेस्टर येथे झाला. पंधराव्या वर्षी तो व्हिटचर्च येथील बँकेत कारकून म्हणून रुजू झाला. १८६७ मध्ये तो मँचेस्टरच्या बँकेत गेला. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री कलाशाळेतील वर्ग असा त्याचा क्रम होता. १८७२ मध्ये नोकरी सोडून तो लंडनला आला, आणि वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या नाताळविषयक लेखनासाठी काढलेल्या चित्रांनी त्याला प्रतिष्ठा मिळाली.

पुढे एडमंड इव्हान्स या रंगीत लाकूडठशांच्या मुद्रकाने त्याला चित्रपुस्तकांचे काम देऊ केले. ठोक मोबदल्याऐवजी खपलेल्या प्रतींवर मानधन घेण्याचे कॉल्डेकॉटने पत्करले. एरवी लेखकाकडे जाणारा हा वाटा होता. १८७८ पासून १८८५ पर्यंत दरवर्षी दोन याप्रमाणे सोळा पुस्तके निघाली. प्रत्येकाची किंमत एक शिलिंग होती.

या पुस्तकांच्या संहिता प्रामुख्याने लोकगीते, बालगीते आणि कूपर, गोल्डस्मिथ यांच्या कविता अशा होत्या. शब्द जुने व सर्वपरिचित असल्याने नवे काही सांगायचे तर ते चित्रालाच सांगावे लागले. १८८२ च्या एका पुस्तकातील बालगीत बशी आणि चमचा पळून जातात येथे संपते. कॉल्डेकॉट तेथे थांबत नाही. पुढच्या चित्रात बशी फुटून पडली आहे, आणि सुरी व काटा चमच्याला दोन्ही बाजूंनी धरून परत नेत आहेत. या शोकान्ताचा एकही शब्द संहितेत नाही. येथे चित्र हे संहितेचे स्पष्टीकरण उरत नाही. निवेदनाचा उत्तरार्ध तेच रचते.

त्याची प्रकृती प्रथमपासून नाजूक होती. उबदार हवेच्या शोधात तो पत्नीसह अमेरिकेला गेला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे निधन पावला. त्याने वयाची चाळीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

अमेरिकेत बालसाहित्याच्या लेखकांसाठी न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जात होते. त्यात चित्रकाराला स्थान नव्हते. ही उणीव दूर करण्यासाठी फ्रेडरिक मेल्चर यांनी १९३७ मध्ये दुसरे पदक सुचवले. १९३८ मध्ये पहिले कॉल्डेकॉट पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना मिळाले. पदकाच्या दर्शनी बाजूवर कॉल्डेकॉटनेच रेखाटलेला, उधळलेल्या घोड्यावरील जॉन गिल्पिन आहे.

हे पदक चित्रकाराला दिले जाते, शब्दांच्या लेखकाला नाही. लेखक व चित्रकार भिन्न असतील तेथे ही विभागणी खटकू शकते, कारण चित्रपुस्तकाचा अर्थ दोहोंच्या संयोगातून सिद्ध होतो. कॉल्डेकॉटच्या बाबतीत हा पेच जवळजवळ उद्भवतच नाही. त्याचे शब्द परंपरेचे होते आणि पुस्तक त्याचे होते. म्हणूनच संहितेपुरतीच मर्यादित राहणारी समीक्षा त्याच्या पुस्तकांपाशी अपुरी पडते.