चित्रकार नॉर्मन विल्किन्सन

प्रतिकृति-विमानांवर रंगीत पट्टे ओढणाऱ्या आमच्या बालमित्रांस समुद्रचित्रकार नॉर्मन विल्किन्सन (१८७८–१९७१) ठाऊक असावेत. इ. स. १९१७ मध्यें जर्मन पाणबुड्या ब्रिटनचीं व्यापारी जहाजें भराभर बुडवीत होत्या. भर समुद्रांत जहाज लपविणें अशक्य. तेव्हां तें कोणीकडे चाललें आहे याविषयींच शत्रूस भ्रम पाडावा, असें नौदलांत असलेल्या विल्किन्सन यांस सुचलें. लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत चिमुकलीं लाकडी जहाजें तिरकस पट्ट्यांनीं रंगवीत. रंगविणाऱ्या पुष्कळशा स्त्रियाच. मग फिरत्या मेजावर ठेवून तीं पेरिस्कोपांतून न्याहाळावयाचीं. डोळा फसला, तरच तो नमुना खऱ्या जहाजावर चढे. अशीं २,००० हून अधिक जहाजें रंगलीं. त्यांतलीं किती त्यामुळें वाचलीं, हें चौकशींत नीटसें ठरलें नाहीं, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं; खलाशांचा धीर मात्र वाढला. दुसऱ्या महायुद्धांत विल्किन्सन यांनीं विमानतळ शत्रूच्या नजरेआड करण्याचें काम केलें.