बाबासाहेबांनी विद्यापीठ कसे निवडले?

मुळशी तालुक्यातील लवळे, हिंजवडी हा परिसर आज विद्यापीठे आणि आयटी कंपन्यांनी गजबजला आहे. याच तालुक्यातील आपल्या समाजाचा एक इंजिनिअर तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला. हातात परदेशातील दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रे होती. एकाचे नाव मोठे, पण खर्च न पेलणारा. दुसऱ्याचे नाव लहान, पण त्याच्या विषयाचे जाणकार प्राध्यापक तिथेच. कुठे जावे, हा त्याचा प्रश्न होता. मी त्याला महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन सांगितले. तेच समाजबांधवांपुढे ठेवतो.

फेब्रुवारी 1913 मध्ये सुभेदार रामजी आंबेडकरांचे निधन झाले. घरावर दुःखाचा डोंगर असतानाच बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी केवळ पदवीपुरते वाचले नाही. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 आणि तत्त्वज्ञानाचे 5 अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन आणि ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. 1915 मध्ये एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध तिथल्या चर्चासत्रात वाचला. ज्या देशात शाळेतही त्यांना वेगळे बसवले गेले, त्या देशाच्या जातीची चिकित्सा त्यांनी अमेरिकेत मांडली.

आता पुढे काय? कोलंबियात नाव झाले होते, वाट मोकळी होती. तरीही 1916 मध्ये त्यांनी लंडन गाठले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. भारताच्या तिजोरीचे निर्णय तेव्हा लंडनमध्ये होत; त्याच शहरात बसून भारताचे अर्थकारण अभ्यासण्याची ही संधी होती. आणि वकिलीची सनद हाती असली की पोटासाठी कुणाची गुलामी करावी लागत नाही, हे मी वकील म्हणून सांगू शकतो.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अर्ध्यावर परतावे लागले. पुस्तकांचे सामान असलेले जहाज युद्धात बुडाले. बडोद्यात अधिकारपदावर असूनही राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. मात्र परतताना बाबासाहेबांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेतली होती. दार बंद होऊ दिले नाही.

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी 5000 रुपये कर्ज दिले. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम. एस्सी. झाले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. तो अभ्यास मात्र पुरा झाला नाही. रुपयावरील प्रबंधाला परीक्षकांनी हरकत घेतली, पैसेही संपले. 1923 मध्ये मायदेशी येऊन त्यांनी प्रबंध सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून दिल्याशिवाय मिळत नसे. तो 1925 मध्ये छापला आणि 1927 मध्ये तीही पदवी मिळाली. दोन विद्यापीठांपैकी एकही त्यांनी सोडले नाही. फक्त त्यासाठी चौदा वर्षे दिली.

व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर ते हे दिवस विसरले नाहीत. 1942 मध्येच त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली.

बांधवांनो, म्हणून त्या तरुणाला मी सांगितले : आधी तुझा प्रश्न कोणता ते ठरव, मग त्या प्रश्नाचा गुरू शोध. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यापर्यंत पुरते ते मोज. करारातील प्रत्येक अट वाच. अर्धवट परतावे लागले तर पुन्हा प्रवेश मिळेल का, हे लेखी विचार. नावाचा मोह शेवटी.

आणि समाजाने जागे राहावे. 2022 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. इंजिनिअरला ती चालेल. पण या नियमाने 1916 चा जातीवरचा तो निबंध लिहिणाऱ्या भीमरावांना ती मिळाली नसती! आपल्या मुलांनी यंत्रे शिकावीत, पण जातीबद्दल प्रश्न विचारू नयेत, असा हा डाव आहे का? याचा जाब विचारणे हे आपले काम आहे.

जयभीम!