डावा हात

मुलांनो, आपण ज्या हाताने लिहीत नाही, त्या हाताने आपले नाव लिहून पाहा. अक्षरे वाकडीतिकडी येतात. बोटे लवकर दुखू लागतात. अशाच एका हाताने जग जिंकणाऱ्या माणसाची ही कथा आहे.

कारोय ताकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. ते सैन्यात होते आणि पिस्तुलाचे उत्तम नेमबाज होते. तरीही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. ते साधे सार्जंट होते आणि संघात फक्त अधिकाऱ्यांनाच घेत असत. पुढे हा नियम उठला. ताकाच १९४० च्या ऑलिंपिककडे डोळे लावून बसले.

पण १९३८ मध्ये सैनिकी सरावाच्या वेळी एक सदोष हातबाँब त्यांच्या उजव्या हातात फुटला. हात कायमचा जायबंदी झाला. महिनाभर ते रुग्णालयात होते.

पिस्तूल एकाच हाताने, हात सरळ ताणून धरावे लागते. मूठ सैल पडली तर नेम चुकतो. फार आवळली तर हात थरथरतो. त्यातच ताकाच यांच्या प्रकारात २५ मीटरवरील पाच लक्ष्यांवर काही सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. उजव्या हाताला हे सारे सरावाने जमत होते. डावा हात मात्र नवशिका होता. त्याची बोटे, मनगट आणि खांदा यांना पहिल्यापासून शिकवायचे होते. ताकाच यांनी गुपचूप सराव सुरू केला. १९३९ मध्ये त्यांनी डाव्या हाताने हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली!

नशिबाने पुन्हा परीक्षा घेतली. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. पण ताकाच यांनी सराव सोडला नाही. १९४८ मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. अर्जेंटिनाचा विश्वविजेता व्हॅलिएन्ते याने त्यांना येण्याचे कारण विचारले. आपण शिकायला आलो आहोत, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. मग ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. व्हॅलिएन्ते दुसरा आला.

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यापेक्षा एकच गुण कमी मिळवून दुसरा आलेला सिलार्द कुन हा त्यांचाच शिष्य होता.

५ जानेवारी १९७६ रोजी ताकाच यांचे निधन झाले. गमावलेल्या हातासाठी ते रडत बसले नाहीत. उरलेल्या हाताला त्यांनी रोज थोडे थोडे शिकवले.