करीषिणी लक्ष्मीचा उपासक

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपण नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतो आणि श्रीसूक्ताचे पठण करतो. त्या सूक्तात लक्ष्मीस ‘करीषिणी’ म्हटले आहे. करीष म्हणजे शेण. शेणखताच्या विपुलतेत जी नांदते, ती लक्ष्मी! हा शब्द आम्ही बालपणापासून उच्चारीत आलो. परंतु त्याची खरी संथा आम्हांस मिळाली ती कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांच्या चरित्रातून.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात, ब्राह्मण कुळात झाला. उच्च विद्या संपादून काही काळ अध्यापन केल्यावर ते साबरमतीच्या आश्रमात गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. जात आड आली. नकार मिळताच अप्पांनी आपला आहार तोडला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात खुद्द गांधीजींनी उपोषण आरंभिले.

१९४८ साली कणकवलीनजीक वागदे येथे अप्पांनी गोपुरी आश्रम स्थापिला. मृत जनावर त्यांनी स्वहस्ते सोलले, चर्मोद्योग उभा केला. खेड्यांना परवडणारा ‘गोपुरी’ संडास त्यांनी प्रचारात आणला. मैल्यावर माती व पालापाचोळ्याचा थर द्यावा. काही महिन्यांत सूक्ष्म जीव आपले कार्य करतात, दुर्गंधी लोपते आणि भुसभुशीत खत हाती येते. शेताला अन्न मिळते; आणि मुख्य म्हणजे एका माणसाच्या मस्तकावर दुसऱ्याची घाण वाहण्याचा प्रसंग उरत नाही. आमच्या भाषेने या खतास ‘सोनखत’ म्हटले. मात्र ते वाहणाऱ्यास आम्ही उंबऱ्याबाहेर ठेविले! शुचिर्भूततेवर निरूपण करताना आम्हीही सोवळ्यापलीकडे पाहिले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

१० मार्च १९७१ रोजी अप्पा निवर्तले. त्यांचे स्मरण हार घालून पुरे होणार नाही. पूजेचे निर्माल्य, झेंडूच्या सुकलेल्या माळा, गोठ्यातील शेण, अंगणातील पाचोळा हे सारे नदीत वा उकिरड्यावर न टाकता गावाने सामाईक खड्ड्यात मातीसह कुजवावे. आळीपाळीने भरावयास दोन खड्डे पुरतात. खड्डा खणताना सर्व आळ्यांचे हात एकत्र लागावेत. करीषिणीचे ते खरे पूजन होय.